व्हीसीएफमधली एक ओळ, रिपोर्टमधलं एक वाक्य आणि दोन वेगळ्या नोकऱ्या

व्हीसीएफ म्हणजे एखाद्या माणसाच्या डीएनएत सापडलेल्या बदलांची यादी असलेली फाइल. तिच्यातली एक ओळ बघा: गुणसूत्र ११, जागा ५२२६९२५, मूळ अक्षर सी, सॅम्पलमध्ये जी. आता त्याच सॅम्पलच्या रिपोर्टमधलं वाक्य: एचबीबी जनुकात जी च्या जागी सी. नवीन माणूस दोन्ही शेजारी ठेवतो आणि म्हणतो, कुणीतरी उलटं टाइप केलंय. पण चुकलेलं कुणीच नाही. डीएनएला समोरासमोर दोन धागे असतात, आणि व्हीसीएफ लिहितात ती संदर्भ जीनोमच्या, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण जीनोमच्या, एका ठरलेल्या धाग्यावरून. एचबीबी हे हिमोग्लोबिनचं जनुक आहे समोरच्या धाग्यावर, आणि रिपोर्ट जनुकाच्या दिशेने लिहायचा असतो. सी च्या समोर जी, जी च्या समोर सी. हा बदल म्हणजे ‘आयव्हीएस वन-फाइव्ह’, भारतात बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण.

ती ओळ काढून देणारा वेगळा आणि ते वाक्य लिहिणारा वेगळा. पहिला बायोइन्फर्मॅटिक्स अॅनालिस्ट, दुसरा व्हेरिअंट अॅनालिस्ट. पुण्यात मात्र दोघांनाही सरसकट ‘बायोइन्फर्मॅटिक्सवाले’ म्हणतात. गणेशखिंडला विद्यापीठात एम.एस्सी. करणारी मुलं मला विचारतात, “मॅडम, क्लिनिकल सीक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे रुग्णांचा डीएनए वाचून निदान करण्याच्या कामात, कसं शिरायचं?” हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये पाच-सहा वर्षं काढलेलेही तेच विचारतात. दोघांना मी एकच उत्तर देऊ शकत नाही, कारण ते नकळत दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत असतात.

पहिल्या कामाची सुरुवात मशीनपाशी होते. सीक्वेन्सर अख्खा डीएनए सलग वाचत नाही, साधारण दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे देतो. ते येतात फास्टक्यू फाइलमध्ये, प्रत्येक अक्षराला गुणवत्तेचा आकडा जोडून. आकडा ३० असेल तर ते अक्षर चुकण्याची शक्यता हजारात एक. मग बीडब्ल्यूएसारखं साधन वापरून प्रत्येक तुकडा संदर्भ जीनोमवर कुठे बसतो ते बघायचं, त्याची बॅम फाइल होते, आणि जीएटीकेसारखं साधन त्यातून फरक टिपून व्हीसीएफ देतं. लिनक्स, पायथॉन, थोडं आर, सर्व्हर सांभाळण्याची सवय, एवढं लागतंच. पण हे सगळं कोर्समध्ये शिकता येतं. खरं कौशल्य आहे आपली पाइपलाइन, म्हणजे या साधनांची साखळी, कुठे आंधळी आहे हे ओळखण्यात.

एसएमएन-१ आणि एसएमएन-२ ही जनुकं जवळपास हुबेहूब सारखी, पण स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी हा स्नायू दुबळे करणारा आजार होतो तो एसएमएन-१ बिघडल्याने. दीडशे अक्षरांचा तुकडा यातल्या कुणाचा, हे अलाइनरला (तुकडे जीनोमवर बसवणाऱ्या साधनाला) ठरवता येत नाही, तो मॅपिंगची गुणवत्ता शून्य देतो आणि पुढचं साधन असे तुकडे बाजूला टाकतं. फाइल स्वच्छ दिसते. आणि बाळाला स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी असते. दुसरं उदाहरण आपल्या पिंपरीला लागू पडणारं. फाळणीनंतर तिथे अनेक सिंधी कुटुंबं येऊन स्थिरावली, आणि सिंधी व लोहाणा कुटुंबांत बीटा थॅलेसेमियाचा एक बदल तुलनेने जास्त आढळतो: एचबीबी जनुकाच्या शेवटाकडची ६१९ अक्षरं गळालेली असतात. एकेका अक्षराचे फरक शोधायला बसवलेल्या साधनाला एवढं मोठं भगदाड सहज निसटू शकतं. त्यासाठी वेगळी तपासणी बसवणं, ‘जीनोम इन अ बॉटल’सारखे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने चालवून ती पडताळणं आणि साधनाची आवृत्ती बदलली की पुन्हा पडताळणं, ही पहिल्या माणसाची जबाबदारी.

दुसऱ्या माणसाच्या हातात व्हीसीएफ येते तिथून त्याचं काम सुरू होतं. एक्झोम म्हणजे प्रथिनांची माहिती असलेला, जीनोमचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग, तरी त्यातून एका माणसाचे हजारो बदल निघतात. त्यातला बहुतेक भाग निरुपद्रवी. कुठला बदल या मुलाच्या आजाराला कारण आहे, हे ठरवायला डॉक्टरांनी लिहिलेली लक्षणं लागतात, कुटुंबाची माहिती लागते. फॉर्मवर “आईवडील: मामाची मुलगी, आत्याचा मुलगा” असं लिहिलेलं असेल, तर अनुभवी व्हेरिअंट अॅनालिस्ट आधी दोन्ही प्रतींमध्ये सारखाच असलेला बदल शोधायला लागतो. मग नोमॅड या डेटाबेसमध्ये तो बदल लोकसंख्येत किती आढळतो ते बघायचं, क्लिनव्हार या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इतरांनी काय नोंदवलंय ते वाचायचं, मूळ शोधनिबंध उघडायचे, आणि एसीएमजी या अमेरिकी वैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या २०१५च्या नियमांनुसार, निरुपद्रवी ते रोगकारक अशा पाचांपैकी एका वर्गात तो बदल ठेवायचा. मधला वर्ग, ‘अर्थ अनिश्चित’, सगळ्यात अवघड. उत्तराची वाट बघणारं कुटुंब समोर असतं आणि पुरावा पुरेसा नसतो. अशा वेळी हात आखडता घेणं हेच काम असतं. ज्यांना चोवीस तास ‘हो किंवा नाही’ लागतं, त्यांना इथे फार त्रास होतो.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या नोकरीत एका लॅबमध्ये पाइपलाइन संदर्भ जीनोमच्या जुन्या आवृत्तीवर, जीआरसीएच-३७ वर, चालायची आणि मी शोध घेतला नव्या जीआरसीएच-३८ वर. काहीच सापडलं नाही, म्हणून मसुद्यात लिहून मोकळी झाले: ‘हा बदल यापूर्वी नोंदवलेला नाही.’ वरच्या मॅडमनी सही करण्याआधी थांबवलं. सुरुवातीला सांगितलेली एचबीबीची जागाच घ्या, जुन्या आवृत्तीत तिचा क्रमांक ५२४८१५५ आहे, २१,२३० अक्षरांचा फरक. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंच्या लोकांना एकच विनवते: फाइलच्या डोक्यावर लिहिलेली आवृत्ती मोठ्याने वाचा.

दोन्ही कामं आयजीव्हीच्या (जीनोमवर बसवलेले तुकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पडद्यावर भेटतात, तिथे दोघंही तेच तुकडे बघतात. आणि कायद्यापुढेही भेटतात. सॅम्पलची अदलाबदल पकडायला पाइपलाइनमध्ये लिंग तपासणं नेहमीचं, पण सॅम्पल गर्भाचं असेल तर पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यामुळे ती माहिती रिपोर्टमध्ये किंवा कुणाच्या बोलण्यात येता कामा नये. एकाने ती बाहेर जाणारच नाही अशी व्यवस्था करायची, दुसऱ्याने मसुद्यात ती डोकावत नाही ना हे बघायचं.

हिंजवडीतून येणाऱ्यांना मी पहिला रस्ता सुचवते, पण जनुकशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक नीट वाचून. एम.एस्सी. जेनेटिक्सवाल्यांना बहुधा दुसरा, पण कमांड लाइनची भीती घालवून. एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सची मुलं मात्र फसतात. जाहिरातीत नाव त्यांच्या विषयाचं असतं, काम दुसरंच निघतं. म्हणून मुलाखतीत थेट विचारा: “रोज सकाळी माझ्यासमोर कुठली फाइल उघडी असेल?” बॅम आणि लॉग म्हणाले तर ते पहिलं काम. रिपोर्टचा मसुदा आणि शोधनिबंध म्हणाले तर दुसरं. “दोन्ही” म्हणाले, तर रिपोर्ट दुसरं कोण तपासतं, ते लगेच विचारा.