अनुदान वेताच्या कितव्या दिवशी गव्हाणीत पडतं?

राज्य सरकारने 2024 मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, त्या वर्षी ऑक्टोबरपासून ते 7 रुपये होतं. त्यानंतर मराठवाड्यातल्या संकलन केंद्रांवर एक प्रश्न कायम निघतो: अनुदान येऊनही दोन-तीन गाईंवाल्याचं दूध का वाढत नाही? याचं बरंचसं उत्तर गाईच्या कासेत आहे.

दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं. हे पाणी कासेत खेचून आणते ती लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. कासेत मिठाचं काम लॅक्टोज करते. दुधातलं तिचं प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जवळजवळ ठरलेलं असतं, त्यामुळे ती जास्त तयार झाली तर दूध गोड होत नाही, लिटर वाढतात. लिटरभर दुधामागे सुमारे 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं. 12 लिटरच्या गाईला रोज 840 ग्रॅम!

आता खरी गंमत. गाईच्या आतड्यातून ग्लुकोज रक्तात जवळजवळ येतच नाही. मोठ्या पोटातले जिवाणू ते आधीच फस्त करतात आणि आम्लं तयार करतात. मका-ज्वारीच्या भरड्यातून प्रोपिऑनिक आम्ल जास्त निघतं, त्यापासून यकृत ग्लुकोज घडवतं. कडबा आणि हिरव्या वैरणीतून असेटिक आम्ल जास्त निघतं, त्यापासून कासेत फॅट बनतं. म्हणून नुसता भरडा वाढवला तर आधी लिटर वाढतात, मग फॅट उतरतं आणि पुढे अपचन होतं. गुळाचं पाणी पाजलं तरी साखर आधी जिवाणूंच्याच तोंडी जाते.

संकरित गाय व्याल्यावर 6 ते 8 आठवड्यांत दुधाच्या शिखरावर पोचते, पण तिची भूक 10-12 आठवड्यांनी पूर्ण खुलते. मधली तूट ती अंगावरच्या चरबीतून भरते. तूट फार झाली की चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात साठतात. अशी गाय पेंडीला तोंड लावत नाही, कडबा मात्र चघळते. श्वासाला गोडसर वास येतो, दूध काही दिवसांत झपाट्याने उतरतं. नेमकं याच वेळी ‘दृष्ट लागली’ म्हणून गळ्यात काळा दोरा आणि बिब्बा बांधला जातो. लघवीतले कीटोन पट्टीवर मिनिटभरात दिसतात. डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

शिखरावर उपासमार झाली की कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी लवकर कमी होतात. त्या वेतात, म्हणजे व्याल्यापासून भाकड होईपर्यंत, त्या परत भरून येत नाहीत. शिखराला एक लिटर कमी म्हणजे अख्ख्या वेतात अंदाजे 200 लिटर कमी. उलट, शरीर सांभाळायला दीड किलो आणि पुढे अडीच लिटरमागे एक किलो या हिशेबाने एका वाढीव लिटरला रोज 400 ग्रॅम खुराक लागतो. 50 किलोचं एक पोतं त्या लिटरला 125 दिवस पुरतं.

दहा लिटरच्या गाईला 5 रुपयांनी महिन्याला 1,500 रुपये होतात. ते व्याल्यावर दुसऱ्या महिन्यात हातात आले तर त्यातून दूध निघतं. सहाव्या महिन्यात आले तर तोच खुराक बराचसा पाठीवर चरबी होऊन बसतो. त्यामुळे देयक अडकण्याची कारणं आधीच मिटवावीत: कानातला 12 अंकी बिल्ला गळलेला, विकत घेतलेली गाय अजून जुन्या मालकाच्या नावावर, बँक खातं आधारला न जोडलेलं. देवणी आणि लाल कंधारी या देशी गाईंचं शिखर मुळात कमी असतं, त्यांना वरचा 200 लिटरचा हिशेब लावू नये.

कडबाकुट्टीवरचं, म्हणजे कडबा कापायच्या यंत्रावरचं अनुदान मला लिटरमागच्या पैशापेक्षा मोलाचं वाटतं. अख्खा कडबा टाकला तर गाय पानं खाते आणि ताटं तुडवते. इंचभर तुकडे केले तर गव्हाण रिकामी होते. पाणी मात्र विसरू नका. 12 लिटरच्या गाईला दिवसाला 70-80 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. टँकरच्या गावात पाण्याची कपात थेट बादलीत दिसते.

लिटरमागच्या अनुदानाची एक मोठी फट अशी की भाकड दिवसांत ते शून्य असतं, आणि पुढच्या वेताचं शिखर त्याच दिवसांत घडतं. म्हणून दूध चालू असतानाच दोन पोत्यांचे पैसे बाजूला काढावेत. व्यायच्या आधीचे 21 दिवस खुराक एक किलोपासून हळूहळू अडीच-तीन किलोपर्यंत न्यावा, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना भरड्याची सवय होते. या काळात कॅल्शियमची बाटली पाजू नये. हाडांतून कॅल्शियम काढायची यंत्रणा त्याने सुस्तावते आणि व्याल्यावर पहिल्या तीन दिवसांत कॅल्शियम कमी पडून गाय बसण्याचा, म्हणजे उठूच न शकण्याचा धोका वाढतो. व्याल्यावर खुराक दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलोने वाढवावा, सोबत रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण.