वनशास्त्र, वन्यजीव, पर्यावरण : आधी जाहिरात वाचा, मग कॉलेज निवडा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बारावी विज्ञान झालेले विद्यार्थी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हे पत्रक काढले आहे. आमच्या केंद्रात पहिल्या बैठकीला येण्याआधी घरी एकदा सावकाश वाचा. निम्म्या शंका इथेच फिटतील आणि बैठकीचा वेळ तुमच्या खऱ्या अडचणीला देता येईल.

पालक सहसा विचारतात, "मुलीला जंगलाची आवड आहे, चांगलं कॉलेज कुठलं?" आम्ही त्याआधी दुसरे विचारतो: पाच-सहा वर्षांनी तिला कुठल्या दारात उभे राहायचे आहे? या क्षेत्रात कॉलेजच्या नावापेक्षा गुणपत्रिकेवर छापलेले विषय जास्त वेळा आडवे येतात.

गुणपत्रिकेवरचा विषय

भारतीय वन सेवेचे उदाहरण घ्या. यूपीएससीच्या जाहिरातीत पात्रता स्पष्ट दिलेली असते. पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय घेऊन पदवी, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. यादी पुन्हा वाचा. पर्यावरणशास्त्र तिच्यात नाही. निव्वळ पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या आणि वरचा एकही विषय गुणपत्रिकेवर नसलेल्या मुलाला हा अर्जच भरता येत नाही, आणि बहुतेकांना ते तिसऱ्या वर्षानंतर कळते. पर्यावरणशास्त्र घ्यायचेच असेल तर वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र सोबत ठेवता येईल अशी विषयजोडी देणारे कॉलेज शोधा.

एमपीएससीच्या महाराष्ट्र वनसेवेची पात्रता यादी वेगळी आहे. ती ताज्या जाहिरातीतूनच वाचा, मित्राने पाठवलेल्या फोटोवरून नको. वनरक्षक पदाला पदवी लागतच नाही, तिथे बारावी आणि शारीरिक क्षमता बघतात. भारतीय वन सेवेतही शरीराची अट आहेच: पुरुषांना १६३ सेंटिमीटर व महिलांना १५० सेंटिमीटर उंची (अनुसूचित जमातींना सवलत), आणि चार तासांत पुरुषांना २५ व महिलांना १४ किलोमीटर चालणे. उंची काही अभ्यासाने वाढत नाही, तेव्हा ती आजच मोजा.

संशोधन किंवा संस्थांमधले संवर्धनाचे काम करायचे असेल तर मात्र पदवीच्या नावाला फारसे कोणी विचारत नाही. तिथे एम.एस्सी. कुठून केली आणि फील्डवर काय केले एवढेच पाहतात.

बारावीनंतर : तीन वाटा

पहिली वाट म्हणजे बी.एस्सी. (ऑनर्स) वनशास्त्र, चार वर्षे. राज्यात सरकारी जागांसाठी मुख्यतः दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. प्रवेश एमएचटी-सीईटीनंतर कृषी पदव्यांच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतो. इथे एक चूक वारंवार होते. पर्याय भरताना मुले आधी कृषीची वीस-तीस कॉलेजे टाकतात आणि वनशास्त्र तळाला ठेवतात. यंत्रणा वरून खाली जाते आणि गुणांत बसणारा पहिला पर्याय देऊन थांबते, मग खालचे वनशास्त्र तिच्या नजरेलाही पडत नाही. वनशास्त्रच हवे असेल तर दापोली आणि अकोला हे पहिले दोन पर्याय. जागा मोजक्या आहेत, त्यामुळे त्यांच्याखाली कृषी किंवा उद्यानविद्या जरूर ठेवा. घरी शेती असेल तर सातबारा आत्ताच काढून ठेवा. कृषी प्रवेशात त्याचा अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळतो.

मासे आणि खाडी ज्यांना जंगलापेक्षा जवळची वाटतात त्यांनी मत्स्यविज्ञान विसरू नये. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोली विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, नागपूर आणि उदगीरची महाविद्यालये 'माफसू'कडे, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत.

दुसरी वाट परराज्याची. कृषी विद्यापीठांतल्या काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्यातून, सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरतात. वनशास्त्राची जुनी, भक्कम महाविद्यालये अशीच गाठता येतात: कर्नाटकात शिरसी, केरळात त्रिशूरजवळचे वेल्लानिक्करा, तमिळनाडूत मेट्टुपालयम, हिमाचलात सोलनजवळचे नौणी. शिरसी तर कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या मुलांना अकोल्यापेक्षा जवळ पडते. या कोट्यातून आपल्या राज्याबाहेर प्रवेश घेतल्यास परिषदेची नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप मिळते, पदवीला दरमहा ३,००० रुपये. मेसचा बराच भार त्यात निघतो. सीईटी आणि सीयूईटीचे अर्ज वेगवेगळे असतात. एक भरला म्हणजे दुसरा भरला असे समजून बसलेली मुले दरवर्षी निघतात.

खासगी कृषी किंवा वनशास्त्र महाविद्यालयात पाऊल टाकण्याआधी त्याला परिषदेची अधिस्वीकृती आहे का ते पाहा. नसेल तर पुढे परिषदेच्या कोट्यातून पदव्युत्तर प्रवेश घेताना अडचण येते.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त, म्हणूनच बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष होते: जवळच्या कॉलेजात अनुदानित तुकडीत वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र आणि नंतर चांगली एम.एस्सी. एकाच इमारतीत वनस्पतिशास्त्राची तुकडी अनुदानित असते आणि वरच्या मजल्यावर पर्यावरणशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान स्वयंअर्थसहाय्यित, फी काही पट जास्त. प्रॉस्पेक्टसच्या मुखपृष्ठावर हे लिहीत नाहीत. प्रवेश खिडकीवर सरळ विचारा, "ही तुकडी अनुदानित आहे का?"

हिशोब असा मांडा

फक्त फी बघू नका, वर्षाचा सगळा खर्च मांडा. खालचे आकडे पद्धत दाखवण्यापुरते आहेत, तुमचे आकडे घालून पाहा.

तालुक्याच्या गावी घरी राहून, अनुदानित तुकडी: फी १२,००० + एसटी पास आणि प्रवास १०,००० + जर्नल, सहल, साहित्य ५,००० = वर्षाला २७,०००. तीन वर्षांचे ८१,०००.

मोठ्या शहरात, विनाअनुदानित तुकडी: फी ४५,००० + खोली आणि मेस दरमहा ९,००० प्रमाणे दहा महिने ९०,००० + फील्ड १५,००० + गावी येणे-जाणे ६,००० = १,५६,०००. तीन वर्षांचे ४,६८,०००.

फरक ३,८७,००० रुपयांचा. तेवढ्यात दोन वर्षांची एम.एस्सी. आणि त्या काळातले राहणे बहुधा निघते. 'फील्ड' या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. काही ठिकाणी सहली फीमध्ये धरलेल्या असतात, काही ठिकाणी प्रत्येक सहलीला वेगळी वर्गणी काढतात. दुर्बीण पहिल्या वर्षी घेऊ नका. विभागाची वापरा, आणि घ्यायचीच झाली तर ८ बाय ४२ ची साधी पुरते.

शिष्यवृत्ती अडते कुठे

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजनांचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झाले असे नाही. ते खाते एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) नोंदीत थेट लाभासाठी जोडलेले असावे लागते, आणि दोन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे पडतात. आजीच्या गावच्या बँकेत लहानपणी काढलेल्या खात्यात शिष्यवृत्ती पडून राहते ती यामुळेच.

मुलींसाठी जुलै २०२४ पासून मोठी सोय झाली आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा यात बसत नाही. मुलांनी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती पाहावी. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम. तुमचा अभ्यासक्रम त्या योजनेच्या यादीत दिसतो का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या लिपिकाला प्रवेशाआधी विचारा. नव्या विनाअनुदानित अभ्यासक्रमांची नावे यादीत नसणे नवीन नाही.

दर्जा कसा ओळखायचा

नॅक या मूल्यांकन संस्थेने दिलेली श्रेणी संपूर्ण कॉलेजची असते, विभागाची नाही. वाणिज्य शाखेच्या जोरावर चांगली श्रेणी मिळालेल्या कॉलेजात प्राणिशास्त्राला दीड शिक्षक असू शकतो. म्हणून विभागात जाऊनच या. तिथे दोन गोष्टी करा.

दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, झाडाचा घेर किती उंचीवर मोजतोस? उत्तर १.३७ मीटर, म्हणजे छातीच्या उंचीवर. उतारावरचे झाड असेल तर? चढाच्या बाजूने उभे राहून. त्या उंचीच्या खालीच खोडाला दोन फाटे असतील तर? दोन्ही वेगळी खोडे म्हणून मोजायची. ही तीन उत्तरे न अडखळता आली तर त्या विभागात मोजण्याची फीत हातात धरून काम होते. "पुस्तकात आहे" असे उत्तर आले तर सहली बहुधा फोटोपुरत्या असतात.

मग एखादे फील्ड जर्नल मागून घ्या. "आज आम्ही अभयारण्यास भेट दिली व विविध पक्षी पाहिले" अशी पाने असतील तर ठेवून द्या. चांगल्या पानावर वेळ असते, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असतात, आधी हवामान आणि मग मोजणीसाठी जमिनीवर आखलेल्या चौकटीचा आकार: झाडांना १० बाय १० मीटर, गवत-रोपांना १ बाय १. खाडाखोड असते, शिक्षकांचा लाल शेरा असतो. सुबक, एकाच शाईत, एका बैठकीत उतरवलेल्या जर्नलवर आमचा विश्वास नाही.

जमल्यास हेही विचारा: शेवटच्या सत्रात प्रकल्पाला किती आठवडे मिळतात, अभयारण्यात काम करायला वन विभागाची परवानगी विभाग काढून देतो की विद्यार्थ्याने धावायचे, आणि संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर शिकवतात का. क्यूजीआयएस फुकट आहे, त्यामुळे 'सॉफ्टवेअर परवडत नाही' ही सबब चालत नाही.

पदवीनंतर

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची वन्यजीव विज्ञानातली एम.एस्सी. आणि बंगळुरूच्या एनसीबीएसची (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची) वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनातली एम.एस्सी. ही देशातली नावाजलेली नावे. बंगळुरूला पदवीचा विषय आड येत नाही, पण जागा हातावर मोजण्यासारख्या असतात. दोन्हीकडे दरवर्षी तुकडी निघेलच असे धरून चालू नका. मागची तुकडी कधी निघाली ते पाहूनच वर्ष ठरवा. डेहराडूनलाच वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात वनशास्त्र, पर्यावरण व्यवस्थापन आणि काष्ठविज्ञान या विषयांच्या एम.एस्सी. आहेत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीव विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पाँडिचेरी विद्यापीठात परिसंस्थाशास्त्र सीयूईटी-पीजीवर मिळते, आणि केंद्रीय विद्यापीठ असल्याने फी आवाक्यात असते.

पुण्यातच राहायचे असेल तर आबासाहेब गरवारे महाविद्यालयाची जैवविविधतेतली एम.एस्सी. आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आधी पाहा. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेतही वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम आहे. ते अभिमत विद्यापीठ असल्याने शुल्कपत्रक आधी हातात घ्या. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था व्यवस्थापनाकडे झुकते. एमबीएच्या कॅटसारख्या परीक्षेने प्रवेश, फीही त्याच अंगाची.

बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) पक्षी, उभयचर-सरीसृप वगैरेंचे छोटे अभ्यासक्रम नोकरी-कॉलेज सांभाळून करण्यासारखे आहेत. ती पदवी नव्हे, पण अर्जात वजन येते. याच्या उलट, 'वन्यजीव डिप्लोमा' म्हणून पन्नास-साठ हजार मागणाऱ्या आणि कुठल्याही विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या शिबिरांना पैसे देऊ नका. प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव नसेल तर ती सहल आहे, आणि सहलीचा दर वेगळा असतो.

तारखा आणि कागद

सीईटी आणि सीयूईटीचे अर्ज हिवाळा सरता सरता, बारावीच्या लेखी परीक्षेच्या धामधुमीत सुरू असतात. बहुतेक संधी तिथेच हुकतात. कृषी प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात लांबतात, पण गावातल्या कॉलेजची बी.एस्सी.ची यादी त्याआधीच लागते. म्हणून आधी अनुदानित बी.एस्सी.ची जागा घेऊन ठेवा. नंतर वनशास्त्र मिळाले तर प्रवेश रद्द करता येतो. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) दरवर्षी फी परतीची शेवटची तारीख जाहीर करते, त्या तारखेआत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कॉलेजला मूळ गुणपत्रिका अडवून ठेवता येत नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला मात्र जमा केलेला असतो, तो त्याच दिवशी हातात घेऊनच बाहेर पडा.

बैठकीला येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास दाखला, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला, लागू असल्यास जात वैधता व नॉन-क्रिमीलेअर, सातबारा, बँक पासबुक आणि आधारशी जोडलेला मोबाइल आणावा. मोबाइल वडिलांचा असेल तर वडिलांनाही सोबत आणा, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो.