शाळा कोणाच्या हाती? स्कूल बोर्ड ते शाळा व्यवस्थापन समिती

जिल्हा परिषदेच्या शाळेत पालक सभा भरते, हात वर होतात आणि शाळा व्यवस्थापन समिती निवडली जाते. बऱ्याच गावांत हा तासाभरात उरकायचा सोपस्कार समजला जातो. पण पालकांना मिळालेली ही जागा सहजासहजी आलेली नाही.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी मुद्दा मांडला होता, की सरकारची तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा मिळाली.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्ड, म्हणजे ग्रामीण भागातल्या स्थानिक संस्था, आणि नगरपालिकांकडे गेल्या आणि शाळांचा कारभार पाहणाऱ्या त्यांच्या स्कूल बोर्डांचा अंमल सुरू झाला. स्वराज्याच्या दृष्टीने हे पाऊल मोठेच होते. पण या बोर्डाचे सदस्य पालक निवडत नसत. लोकल बोर्डाचे आणि नगरपालिकेचे सदस्य ते निवडत, आणि त्या सदस्यांना मत देण्याचा हक्कही कर आणि मालमत्तेवर ठरे. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवले: शाळा स्थानिक मंडळांच्या हाती गेल्याने अस्पृश्यांच्या शिक्षणाला धक्का बसेल. गावात ज्यांचा शब्द चालतो तेच बोर्डावर बसणार असतील, तर ज्यांच्या मुलांना वर्गाबाहेर बसवले जाते त्यांची बाजू तिथे कोण मांडणार? सत्ता गावापर्यंत आली म्हणजे ती सगळ्या गावाची झाली असे नव्हे, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते.

१९४७ चा नवा कायदा आला, स्कूल बोर्डे राहिली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर ग्रामीण शाळा त्यांच्या शिक्षण समितीकडे गेल्या. शहरांत शिक्षण मंडळे चालू राहिली, आणि तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्यांची सोय लावण्याची जागा असा त्यांचा लौकिक झाला.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पालक पहिल्यांदा बहुमतात आले. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. आंबेडकरांच्या आक्षेपाला कायद्यातले उत्तर मिळायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

तरीही कागद आणि गाव यांत अंतर आहे. सभा भर दुपारी ठेवली की रोजंदारीवरची आई येऊ शकत नाही, आणि तिच्या घरी नंतर फक्त सहीसाठी रजिस्टर जाते. काही ठिकाणी सदस्य बाई असते, बैठकीला तिचा नवरा बसतो. उलट चांगली समिती काय करू शकते, हे ऊसतोड मजुरांच्या भागात दिसते. आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघाले की मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची जबाबदारी याच समितीवर असते, आणि ती नीट चालली तर मूल फडावर न जाता वर्गात राहते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो, आणि नियोजन व अनुदान त्याच आधारावर व्हावे असे कायदा म्हणतो. म्हणून समितीवर जाऊ इच्छिणाऱ्या पालकाने पहिल्याच बैठकीत मागचा आराखडा मागवावा. गळका पत्रा, मुलींच्या स्वच्छतागृहातले पाणी, तिसरीत पोचूनही वाचता न येणारी मुले, यांतले त्यात काय लिहिले आहे ते पाहावे. जे नसेल त्याचा ठराव लिहून घ्यावा, आणि सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवायला लावावा.