नियुक्तिपत्र, पगारी रजा आणि २४० दिवसांचा हिशेब : पार्श्वभूमी

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या केंद्राच्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेतील दोन तरतुदींची चर्चा तेव्हापासून बहुधा वेगवेगळी होत आली आहे. पहिल्या तरतुदीनुसार आस्थापनेतील प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळीच नियुक्तिपत्र द्यायचे आहे, आणि ज्यांना ते पूर्वी मिळालेले नाही त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यायचे आहे. दुसरी तरतूद वार्षिक पगारी रजेची असून त्या रजेसाठी वर्षात भरावे लागणारे किमान दिवस तिने २४० वरून १८० वर आणले आहेत. या दोन तरतुदी एकत्र वाचल्याशिवाय त्यांच्यामागचा इतिहास नीट उलगडत नाही, कारण रजा दिवसांच्या मोजणीवर ठरते, मोजणी कागदावर ठरते आणि तो कागद आजवर मालकाच्या कपाटात राहिला आहे. आपल्या कायद्याने कामगाराला रजा आधी दिली, आणि ती सिद्ध करण्यासाठी लागणारा कागद सर्वांना देण्याचे बंधन सुमारे पाऊण शतकानंतर घातले.

साप्ताहिक सुट्टीची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १८८४ मधील सभा, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज, १८९० मध्ये गिरण्यांनी मान्य केलेला रविवार आणि १८९१ च्या कारखाने कायद्यात आलेली आठवड्याची सुट्टी हे टप्पे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. त्यातील एकच बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागेल : ती सुट्टी विश्रांतीची होती, पगाराची नव्हती. रोजंदारीवरच्या माणसाला रविवारी घरी बसण्याचा हक्क मिळाला, त्या दिवसाची मजुरी मात्र मिळाली नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही साप्ताहिक सुट्टीच्या दिवसाचे वेतन द्यावेच असे म्हटले नाही, आणि या मौनाचे परिणाम पुढे २४० दिवसांच्या मोजणीत दिसले.

कराराची कथा याहून वेगळ्या दिशेने सुरू होते. १८५९ च्या करारभंगविषयक कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला दंडाधिकारी पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा आदेश देऊ शकत असे, आणि तो आदेश मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होता. मालकाने करार मोडला तर त्याला तुरुंगात धाडण्याची अशी सोय त्या कायद्यात नव्हती. हा कायदा रद्द करण्याचा निर्णय १९२५ मध्ये झाला. सेवेचा करार म्हणजे आपल्याला बांधून घालणारी वस्तू, ही श्रमिकांच्या मनातील धारणा केवळ अज्ञानातून आली असे म्हणता येत नाही.

नोकरीच्या अटी मालकाने लेखी जाहीर कराव्यात या मागणीची मुळे मुंबईच्या कापड गिरण्यांत सापडतात. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपानंतर बसलेल्या चौकशी समितीपुढे स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटींच्या लेखी नियमावलीचा, मसुदा हा वादाच्या मुख्य मुद्द्यांपैकी एक होता. पुढे मुंबई प्रांताच्या १९३८ च्या औद्योगिक विवाद कायद्याने स्थायी आदेशांना वैधानिक रूप दिले, आणि १९४६ मध्ये त्यासाठी देशभराचा कायदा झाला. कायम, तात्पुरता, उमेदवार, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला) अशी कामगारांची वर्गवारी, कामाचे तास, सुट्ट्या, रजेच्या अटी, कामावरून काढण्याची पद्धत हे सगळे लिहून प्रमाणित करून घेणे आणि कारखान्यात लावणे बंधनकारक झाले. मात्र हा कागद आस्थापनेचा होता, कामगाराचा नव्हता. त्याच्या हाती येत होते ते तिकीट किंवा कार्ड. केंद्राने नमुना म्हणून केलेल्या आदर्श स्थायी आदेशांत बदली कामगाराला कार्ड द्यावे आणि त्याने काम केलेले दिवस त्यावर नोंदवावेत अशी स्पष्ट तरतूद होती, आणि नैमित्तिक कामगारासाठीही तशीच होती. हे कलम जर सर्वत्र प्रामाणिकपणे पाळले गेले असते, तर पुढील पन्नास वर्षांतील खटल्यांचा मोठा भाग उभाच राहिला नसता.

पगारी रजा कारखाने कायद्यात आली ती १९४५ च्या दुरुस्तीने. बारा महिने अखंड सेवा झालेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस, एवढेच तिचे स्वरूप होते. १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस हे प्रमाण आणले आणि ते आजतागायत टिकून आहे. ‘अखंड सेवा’ म्हणजे नेमके काय, आजारपणाने किंवा संपाने ती तुटते का, यावरच्या वादांना कंटाळून १९५४ च्या दुरुस्तीने अखंडतेची अट काढून टाकली आणि तिच्या जागी एक आकडा ठेवला : कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम.

गुंता असा की हाच आकडा एक वर्ष आधी दुसऱ्या कायद्यात वेगळ्या हेतूने आला होता. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९५३ च्या दुरुस्तीने कामकपात (काम नसल्याने तात्पुरते घरी बसवणे) आणि नोकरकपात (कामावरून कमी करणे) यांची भरपाई ठरवण्यासाठी असे म्हटले की, बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम केलेल्याची एक वर्षाची अखंड सेवा झाली असे मानावे. म्हणजे एक २४० हा रजेचा, कॅलेंडर वर्षाचा आणि कारखान्यापुरता. दुसरा कपातीपासूनच्या संरक्षणाचा, मागील बारा महिन्यांचा आणि सर्व उद्योगांचा. ‘दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम होतो’ हे वाक्य कामगार वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते, परंतु या दोन्ही कायद्यांत ते कोठेही नाही. तरीही ते सरसकट चुकीचे ठरवण्याची घाई करू नये. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतील ४-क या कलमात, मागील बारा महिन्यांत एकूण २४० दिवसांची सेवा झालेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद आहे, आणि राज्यात हे आदेश केंद्रीय कायद्यातील शंभरऐवजी पन्नास कामगारांच्या आस्थापनांपासून लागू होत आले आहेत. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानेही कामगारांना वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित प्रथा ठरवली. इतर राज्यांतील अभ्यासक ज्याला गैरसमज म्हणतात, त्याला येथे निश्चित कायदेशीर आधार होता.

एकाच आकड्याला तीन अर्थ चिकटल्यावर त्याच्याभोवती व्यवहार उभा राहिला. सात महिने भरत आले की ब्रेक द्यायचा, पंधरा दिवसांनी त्याच माणसाला नव्या नावनोंदणीने परत घ्यायचे, ही रीत औद्योगिक वसाहतींत सर्वांना ठाऊक आहे. अशा ब्रेकमुळे रजेचा हक्क पूर्ण बुडतो, असे मालक आणि कामगार दोघेही धरून चालत. वास्तविक १९७६ च्या दुरुस्तीनंतर कारखाने कायद्याच्या कलम ७९ मध्ये असे आले होते की, कामगार वर्षाच्या मध्येच काढला गेला, सोडून गेला, निवृत्त झाला किंवा मरण पावला, तर २४० दिवस भरलेले नसले तरी तोवर झालेल्या कामाच्या प्रमाणात रजेचे वेतन त्याला किंवा वारसाला द्यावे. शंभर दिवस काम करून ब्रेक मिळालेल्याला पाच दिवसांचे रजा-वेतन देय होते. या पोटकलमाइतके न वापरले गेलेले पोटकलम कामगार कायद्यात क्वचितच दुसरे असेल.

मोजणीत कोणते दिवस धरायचे, हा पुढचा प्रश्न. रजेच्या कलमात स्पष्टीकरणच होते : कामकपातीचे दिवस, ठरावीक मर्यादेपर्यंतची बाळंतपणाची रजा आणि आधीच्या वर्षी कमावून या वर्षी घेतलेली रजा २४० मध्ये मोजायची, परंतु त्या दिवसांवर नवी रजा मिळणार नाही. कपातीच्या कायद्यात मात्र ‘प्रत्यक्ष काम’ असे शब्द होते, आणि रविवारी कोणी प्रत्यक्ष काम करत नाही. १९८५ मध्ये एका बँकेतील कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पेच आला. कामाचे दिवस धरले तर २२० होत होते, रविवार आणि पगारी सुट्ट्या धरल्या तर २७५. न्यायालयाने म्हटले की, प्रत्यक्ष काम म्हणजे केवळ हाती हातोडा, विळा किंवा लेखणी घेतलेले दिवस नव्हेत. करारामुळे, कायद्यामुळे किंवा स्थायी आदेशामुळे ज्या ज्या दिवसाचे वेतन मिळाले तो प्रत्येक दिवस त्यात येतो.

हा निर्णय उदार होता, तरी त्याने एक भेद अधोरेखित केला. महिन्याच्या पगारावरील माणसाचे २४० दिवस साधारण पस्तीस आठवड्यांत भरतात. ज्याचा रविवार बिनपगारी आहे, त्या रोजंदारीवरच्या माणसाला आठवड्याचे सहाही दिवस न चुकता भरून चाळीस आठवडे लागतात. आपला रविवार पगारी होता की बिनपगारी, हे कराराच्या अटींवर अवलंबून, आणि करार तर तोंडी.

खरा घाव बसला तो पुराव्याच्या प्रश्नावर. २००२ मध्ये एका राज्याच्या वन खात्यातील रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की २४० दिवस भरल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, आणि त्याचे स्वतःचे शपथपत्र पुरेसे नाही. वेतन मिळाल्याचा पुरावा, नेमणुकीचा आदेश किंवा तशी नोंद हवी. कायद्याच्या तर्काने हे सुसंगत आहे, जो दावा करतो त्याने सिद्ध करावे. परंतु बहुसंख्य कामगारांना नेमणुकीचा कागद मिळण्याचा व्यक्तिगत हक्कच कोणत्या कायद्याने दिलेला नव्हता, आणि हजेरीपट मालकाकडे ठेवला जाई, तेव्हा न्यायालयाने मागितलेली वस्तू त्यांच्याजवळ असण्याचा मार्गच नव्हता. या निर्णयाचा आधार घेऊन पुढची काही वर्षे किती दावे पहिल्याच पायरीवर पडले, हे कामगार न्यायालयांत वावरणाऱ्यांना सांगायला नको.

२००५ मधील दुसऱ्या निकालाने तोल काहीसा सावरला. जबाबदारी कामगाराचीच राहिली, पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्याने साक्ष दिली आणि मालकाकडून हजेरीपट, वेतनपट, नेमणुकीची कागदपत्रे मागवली, तर त्याचे काम पुढे सरकू शकते असे न्यायालयाने सांगितले. रोजंदारीवरच्या माणसाकडे नेमणुकीचे वा सेवा संपवल्याचे पत्र बहुधा नसतेच, हे त्याच निकालात मोकळेपणाने नोंदले गेले आहे. कागदपत्रे हजर न केल्यास मालकाविरुद्ध अनुमान काढायचे की नाही, हे मात्र प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर सोडण्यात आले. पाठोपाठ २००६ च्या घटनापीठाच्या निर्णयाने सरकारी नोकरीत केवळ दीर्घ सेवेच्या बळावर कायम होण्याची वाट जवळपास बंद केली. महाराष्ट्रापुरता त्याचा अर्थ २००९ मध्ये स्पष्ट झाला : अनुचित प्रथा सिद्ध झाल्यास कायम करण्याचा आदेश देण्याचे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार त्या निर्णयाने काढून घेतलेले नाहीत.

नियुक्तिपत्राचे बंधन अशक्य कोटीतले होते असे म्हणावे तर तसेही नाही. ब्रिटनमध्ये १९६३ च्या कायद्याने सेवाशर्तींचे लेखी निवेदन कामगाराला देणे मालकावर बंधनकारक केले. आपल्याकडेही १९७६ च्या विक्री प्रोत्साहन कर्मचारी कायद्याने औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना विहित नमुन्यातील नियुक्तिपत्राचा हक्क दिला, आणि तेव्हा आधीपासून नोकरीत असलेल्यांसाठी दिलेली मुदतही तीन महिन्यांचीच होती. एका वर्गासाठी १९७६ मध्ये जे जमले, ते इतरांसाठी करायला एवढा काळ का लागला, याचे समाधानकारक उत्तर संहितांबरोबर प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही निवेदनात सापडत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने आठ दिवस नैमित्तिक रजा, आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आणि ४५ दिवसांपर्यंत रजा साठवण्याची सोय दिली. वार्षिक रजेसाठी मात्र तेथेही २४० दिवसांचीच अट राहिली.

नव्या संहितेतील १८० दिवस म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याने तीस आठवडे, अर्थात जेमतेम सात महिने. त्यामुळे सात महिन्यांवर ब्रेक मिळणारा कामगार, त्याचे दिवस एकाच कॅलेंडर वर्षात भरत असतील तर, पहिल्यांदाच पूर्ण रजेच्या कक्षेत येतो. साठलेली रजा तीस दिवसांच्या पुढे गेली तर वर्षअखेरीस तिचे पैसे मागण्याचीही सोय आहे. मात्र औद्योगिक संबंध संहितेत कपातीसाठीची अखंड सेवा अजून २४० दिवसांचीच आहे, आणि स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांवर गेली असून आदर्श आदेश करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. पन्नास ते तीनशे कामगारांच्या आस्थापनांत ४-क कलमाने मिळणाऱ्या कायमपणाच्या हक्काचे पुढे काय, हा महाराष्ट्रातील कामगारांच्या दृष्टीने या बदलांतील सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि १८० दिवसांच्या स्वागतात त्याची चर्चा मागे पडली आहे.

नियुक्तिपत्राच्या बाबतीत पुढचा वाद ते पत्र कोण देतो यावर होण्याची शक्यता अधिक. कंत्राटी कामगाराच्या हाती पडणारे पत्र ठेकेदाराचे असेल. यंत्र तेच, पाळी तीच, मुकादमही तोच, आणि तरीही ठेका बदलला की नव्या ठेकेदाराच्या पत्रावर रुजू झाल्याची तारीख नवी पडते आणि दिवसांची मोजणी एकपासून सुरू होते.