काळानिळा डाग कुठे आहे, ते पाहा

"वय झालंय हो, नुसता हात लागला तरी काळंनिळं पडतं." कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चोवीस तासांची बाई असो नाहीतर सिंहगड रस्त्यावरचा वृद्धाश्रम, भेटायला आलेल्या मुलीला हे हमखास ऐकायला मिळतं. त्यात तथ्यही असतं. उतारवयात कातडी पातळ होते आणि त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डाग पडायला निमित्त लागत नाही. पण हा डाग मारहाणीचा तर नाही ना, हे ताडायचं तर पाहावं, तो आहे कुठे?

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पासष्टीपुढच्या १०१ जणांचं अंग रोज तपासून नकळत काही लागून पडलेल्या डागांची नोंद केली. २००५ साली तिचे निष्कर्ष आले. जवळजवळ नव्वद टक्के डाग हातापायांवर होते; मान, कान, नितंब, तळपाय यांवर एकही नाही. पिवळा पडलेला डाग जुना, ही समजूतही टिकली नाही, कारण काही डाग पहिल्याच दिवशी पिवळे दिसले. पुढे २००९ मध्ये त्यांनी मारहाण झालेल्या वृद्धांना तपासलं. त्यांचे डाग मोठे, बरेचसे पाच सेंटिमीटर किंवा जास्त, आणि चेहरा, पाठ, दंडाची बाहेरची बाजू अशा ठिकाणी होते. डाग कशाने पडला हे त्यांतल्या नव्वद टक्के लोकांनी सांगितलं. त्यांत स्मृतिभ्रंश असलेलेही बरेच होते. "आईला काय, काहीही बोलते" म्हणण्याआधी हा आकडा लक्षात ठेवावा.

आठवण खरोखरच पुसली, तरी त्रास मागे राहतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद चित्रफिती दाखवल्या. पाच मिनिटांत त्यांना त्यातलं फारसं आठवेना, उदासी मात्र अर्धा तास टिकून होती. एखादी ठरावीक मावशी खोलीत आली की आजी आक्रसून घेत असतील, तर कारण सांगता येत नाही म्हणून कारणच नाही, असं समजू नये.

हेळसांडीचा माग काढणं त्याहून अवघड. अमेरिकेतल्या मुलाला रात्री व्हिडिओ कॉलवर विंचरलेले केस नि इस्त्रीची साडी दिसते. चादरीखालची टाच आणि माकडहाड दिसत नाही. एकाच कुशीवर तासन्‌तास ठेवलं की हाडाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि तिथे जखम होते. दुपारभर गुंगी असेल, तर गोळ्यांची पाकिटं मोजावीत. गप्प ठेवण्यासाठी औषध देणं हाही अत्याचारच.

परिणाम आयुर्मानापर्यंत पोचतात. अमेरिकेतल्या न्यू हेवनमधल्या वृद्धांचा १३ वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांचा छळ झाला होता, त्यांचा मृत्यूचा धोका इतर आजार जमेस धरूनही तिप्पट निघाला.

सगळा दोष मावशींच्या माथी मारायला माझं मन धजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संस्थांमधले तीनपैकी दोन कर्मचारी वर्षभरात कधीतरी वाईट वागल्याचं स्वतःच कबूल करतात. एवढे सगळे लोक दुष्ट नसतात. रजा नाही, झोप नाही, बदली माणूस नाही, अशा नोकरीत संयम सुटतो. कॅमेरा लावून हे सुटत नाही, सुट्टी देऊन थोडंफार सुटतं.

भेटायला न कळवता जावं, वेळ बदलून जावं, आणि पाच मिनिटं खोलीत दोघांनीच बसावं. शंका आली तर ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होत असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कोणीही कळवू शकतं, शेजारीसुद्धा. ताब्यातल्या दिव्यांग माणसाला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं, तर त्याच कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे.