षट्कोनी ठिगळकाम

षट्कोनी ठिगळकाम : कागदी साच्यावर कापड मढवून तयार केलेले सहा बाजूंचे तुकडे काठाला काठ लावून हाताने जोडण्याची शिवणपद्धती. यातून पांघरुणाचा फक्त वरचा थर तयार होतो. भरण व अस्तर नंतर लावतात. ‘ठिगळ’ हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा लागतो. ठिगळ कापडावर बसते. येथे तुकड्याखाली कापड नसते, शेजारचे तुकडेच एकमेकांना धरून ठेवतात.

ग्रामीण विदर्भातील वाकळीहून (वऱ्हाडी उच्चार वाकय) हे काम मुळातच वेगळे आहे. वाकळीत जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्यांवर तुकडे मांडतात व धावदोरा सर्व थरांतून आरपार काढतात. शिवण कडेपासून सुरू होऊन चौकटीचौकटीने आत सरकते. वाकळ हा शब्द संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल यांवरून आला, असे सामान्यतः मानतात. गोधडी हा शब्दही प्रदेशात सर्रास चालतो, शेंडगाव (जि. अमरावती) येथे जन्मलेल्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) अंगावरील चिंध्यांच्या पेहरावावरून गोधडे महाराज म्हणत.

उगम : या पद्धतीचे मूळ सांगताना दोन प्रश्नांची गल्लत होते : तुकडे जोडण्याची प्रथा आणि कागदाचा साचा. पहिली फार जुनी आहे. महावग्ग या बौद्ध विनयग्रंथात मगधातील बांधबंदिस्तीच्या शेतांप्रमाणे चीवर (भिक्षूचे वस्त्र) शिवण्यास बुद्धांनी आनंदाला सांगितल्याची कथा येते. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना चीनमधील दुनहुआंगच्या गुंफांत मिळालेले रेशमी तुकड्यांचे कापड साधारणतः आठव्या-नवव्या शतकातील मानतात. परंतु यांवरून कागदी साच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. साच्याचा खात्रीचा पुरावा इंग्लंडमधला आहे. तेथील लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्यातील पांघरूण परंपरेने सु. १७०८ चे समजतात व त्यात भारतीय चिटाचे (नक्षीदार सुती) कापड आहे. मात्र हे साल कापडावर नोंदलेले नाही. रेशमी तुकड्यांच्या दुसऱ्या एका पांघरुणावर १७१८ हे साल व आद्याक्षरे शिवलेली असून आत साचेही शिल्लक आहेत. कालनिश्चितीसाठी म्हणून हेच अधिक भरवशाचे. षट्कोन हा त्यातला मुख्य आकार नाही. त्याचा प्रसार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढलेला दिसतो. १८३५ मध्ये अमेरिकेतील ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने षट्कोनी नमुना छापला. मध्ये एक, भोवती सहा, मग बारा, मग अठरा अशा ३७ तुकड्यांच्या फुलाला ‘आजीची फुलबाग’ हे नाव मिळाले, ते तेथे १९३० च्या दशकात रूढ झाले.

चिटाचा उल्लेख आला की भारतीय वाचकाचे लक्ष साहजिकच कापसाकडे जाते. वऱ्हाड-नागपूरचा कापूस लमाणांच्या बैलतांड्यांवरून पूर्व किनाऱ्याकडील विणकरांपर्यंत जात असे, आणि चिटाची मोठी निर्यात त्याच किनाऱ्यावरून होई. इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी या कापडावर बंधने घातली. जुन्या चिटाचा तुकडान् तुकडा जपण्यामागे हेही एक कारण असावे. तथापि लेव्हन्स हॉलच्या पांघरुणात वऱ्हाडचे सूत आहे, असे म्हणण्यास एवढा आधार पुरत नाही.

रचना व कृती : एकाच सुसम आकाराने फट न ठेवता पृष्ठ भरायचे, तर त्रिकोण, चौरस व षट्कोन हे तीनच सुसम बहुभुज चालतात. षट्कोनाची बाजू त्याच्या परिवर्तुळाच्या त्रिज्येएवढी असते. म्हणून सव्वादोन इंच आतल्या व्यासाची बांगडी कागदावर ठेवून आतून रेघ मारली व त्रिज्येचे माप परिघावर सहा वेळा टाकले, की एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाजूचा साचा मिळतो. साचा कापण्यात हयगय चालत नाही. एका साच्यातली केसभर चूक दहाव्या ओळीत बोटभर होते आणि कापड मध्येच फुगते.

साच्याभोवती पाव इंच कापड जास्त सोडून ते मागे दुमडतात व कच्च्या टाक्यांनी धरतात. दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून त्यांचा काठ बारीक टाक्यांनी, दोरा काठावरून गुंडाळत, शिवतात. सुईने कापडाचे दोन-तीनच धागे उचलायचे. कागदात शिरली तर साचा निघताना फाटतो. सहाही बाजूंना शेजारी जोडले जाईपर्यंत साचा काढत नाहीत. एक इंच बाजूचा तुकडा धरला, तर ६० × ९० इंचांच्या पांघरुणाला सुमारे २,०८० तुकडे लागतात. जोडांची लांबी दीडशे मीटरांवर जाते आणि इंचाला बारा टाके धरल्यास संख्या पाऊण लाखाच्या घरात पोचते. सुताडा (सुती), नरम व एकाच जाडीचा कपडा उत्तम. लुगड्याचा पदर व काठ जाड असल्याने ते या कामातून वगळून वाकळीच्या कडेला लावणे बरे.

साच्याचा पुरावा : साचा जाड पण सुई सोसणाऱ्या कागदाचा हवा. खेड्यात त्याला लग्नपत्रिकेइतके सोयीचे दुसरे काही नाही. अशा कागदावरून कामाचा काळ ठरवताना सावध राहावे लागते : पत्रिकेचे साल फक्त इतकेच सांगते, की काम त्याच्या आधीचे नाही. प्रस्तुत लेखकाने वर्धा जिल्ह्यात पाहिलेले एक षट्कोनी काम अर्धवट राहिले होते, म्हणूनच त्यातले साचे टिकले. उलट बाजूला एका साच्यावर ‘चि. सौ. कां.’ एवढी अक्षरे होती, शेजारच्यावर ‘वैशाख शु.’, शकाचा आकडा कात्रीत गेला होता. काम पूर्ण झाले असते तर धुण्यापूर्वी साचे काढून टाकले गेले असते आणि तेवढाही पुरावा उरला नसता. घरात असे अपुरे काम सापडल्यास साचे काढू नयेत. उलट बाजूची छायाचित्रे घ्यावीत आणि साचे आत असेपर्यंत ते पाण्याला लावू नये.