स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचं वेळापत्रक

एमपीएससी, यूपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली आपला दिवस, महिना आणि वर्षं कशी वाटून घेतात त्या सगळ्याला अभ्यासाचं वेळापत्रक किंवा नुसतंच 'प्लॅनिंग' म्हणतात. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात, छत्रपती संभाजीनगरला, दिल्लीत ओल्ड राजेंद्र नगरला राहणाऱ्या मराठी मुलांमध्ये हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे आणि असायलाच पाहिजे, कारण इथे घरून येणारा पैसा आणि वय दोन्ही मोजूनमापून खर्च होत असतं.

बहुतेकांचा दिवस अभ्यासिकेभोवती फिरतो. महिन्याची फी भरून एक टेबल घ्यायचं, समोरच्या फळीवर सिलॅबसची प्रिंट चिकटवायची, सकाळी लवकर येऊन बसायचं, दुपारी मेसला जेवण, संध्याकाळी टपरीवर चहा आणि परत रात्री उशिरापर्यंत बसायचं. त्यामुळे वेळ मोजायची सवय तासांत लागते, 'आज किती तास झाले' हाच एकमेकांना पहिला प्रश्न असतो. पण परीक्षेत तास विचारत नाहीत. दहा तास बसून पॉलिटीची (राज्यघटना आणि राज्यव्यवस्थेची) चाळीस पानं नुसती डोळ्यांखालून घातली आणि सहा तासांत एक चॅप्टर वाचून त्यावरचे आयोगाचे जुने प्रश्न सोडवले, यात दुसरा दिवस नक्कीच जास्त कामाचा. म्हणून जाणकार मुलं टार्गेट तासांचं न ठेवता कामाचं ठेवतात, म्हणजे 'आज इतिहास चार तास' असं न लिहिता 'आज १८५७ चा उठाव, त्यावरचे सगळे पीवायक्यू (मागच्या वर्षांचे प्रश्न) आणि चुकलेल्यांची नोंद' असं लिहितात, मग संध्याकाळी झालं की नाही हे स्वतःशी खोटं बोलता येत नाही.

मोठं वेळापत्रक उलटं बनवायचं असतं, म्हणजे प्रिलिमच्या (पूर्व परीक्षेच्या) तारखेपासून मागे येत. शेवटचे काही आठवडे फक्त रिव्हिजन आणि टेस्ट सिरीज, त्याच्या आधी दुसरं वाचन, त्याच्या आधी पहिलं, आणि आठवड्यातला एक दिवस बॅकलॉगसाठी मोकळा. हा मोकळा दिवस पहिल्याच महिन्यात बरेच जण काढून टाकतात आणि तिथेच प्लॅन कोसळतो, एक ताप, एक लग्न, गावाकडचं एक काम, की पुढचं सगळं ढकलत जावं लागतं. रिव्हिजनला वेगळी जागा ठेवणं तर सक्तीचंच धरायला हवं. वाचलेलं किती पटकन विसरतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, ठराविक अंतराने परत बघितलं की ते टिकतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तोच टॉपिक काढून बघायची पद्धत मुलांमध्ये चालते. नवीन पुस्तक घेण्याचा मोह मात्र या वेळेवरच डल्ला मारतो.

दुसरा भाग प्रत्यक्ष पेपरमधल्या वेळेचा, आणि याचा सराव सगळ्यात कमी होतो. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) १०० प्रश्न १२० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यात गोळे भरण्याचा वेळही आला. सीसॅटला, म्हणजे आकलन, गणित आणि तर्काच्या पेपरला, ८० प्रश्न आणि तेवढाच वेळ, इथे ३३ टक्के मिळाले की पास, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि जीएस चांगलं जाऊनही सीसॅटमध्ये अडकतात. मेन्सला (मुख्य परीक्षेला) जीएसच्या प्रत्येक पेपरात ३ तासांत २० उत्तरं लिहायची, १० मार्कांचं साधारण ७ मिनिटांत आणि १५ मार्कांचं ११ मिनिटांत संपवलं तरच गणित जुळतं. घरी विचार करत, पाणी पीत पंचवीस मिनिटांत लिहिलेलं सुंदर उत्तर इथे उपयोगाचं नाही, रोज दोनच उत्तरं लिहा पण घड्याळ लावून लिहा. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे ही सवय आता एमपीएससीवाल्यांनाही लावून घ्यावी लागते, पर्यायी प्रश्नांवर वाढलेल्या मुलांना हा बदल खूप जड गेला, २०२३ मध्ये पुण्यात तो पुढे ढकलावा म्हणून मोठं आंदोलन झालं आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली.

तारीख हलणं हाही प्लॅनिंगचाच भाग धरावा लागतो. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्व तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि मुलं नवी पेठेत रस्त्यावर उतरली, मग ती २१ तारखेला झाली. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) परीक्षेशी तारीख धडकल्याने आणि कृषी सेवेच्या जागा त्यात घेण्याच्या मागणीमुळे थेट १ डिसेंबरला गेली. अशा वेळी रूम, मेस, अभ्यासिका सगळ्याचा खर्च वाढतो आणि शेवटच्या आठवड्यासाठी राखलेली रिव्हिजन परत पहिल्यापासून करावी लागते, यात मुलांचा काहीच दोष नसतो. वाढलेल्या दिवसांत नवीन काही सुरू न करता चुकलेल्या टेस्ट परत सोडवणं बऱ्याच जणांना फायद्याचं ठरतं.

नोकरी करत तयारी करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना पहाटेचे दोन-अडीच तास आणि सुट्टीचा अख्खा दिवस एवढंच मिळतं, म्हणून चालू घडामोडी प्रवासात आणि अवघड विषय पहाटे अशी विभागणी करतात.

आणि वर्षांचा हिशोब. यूपीएससीला खुल्या गटात ३२ वर्षांपर्यंत ६ अटेम्प्ट मिळतात, राज्यसेवेला खुल्या गटाची मर्यादा ३८ आहे. इतकी वर्षं मिळतात म्हणून तेवढी द्यायलाच हवीत असं नाही. किती अटेम्प्ट देणार हे सुरुवातीलाच घरच्यांशी बोलून ठरवलेलं बरं, आणि सोबत कंबाइन (एमपीएससीची गट ब आणि गट क ची संयुक्त परीक्षा), तलाठी, बँकिंग असा एखादा फॉर्म भरत राहावं, राज्यसेवा आणि कंबाइनचा बराचसा सिलॅबस सारखा असल्याने त्यासाठी वेगळा वेळ फारसा काढावा लागत नाही.